नीसच्या निळ्या टोपीच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, तुम्हाला मराठी येत नाही. तरी लिहिते आहे, कारण परत येऊन तीन आठवडे झाले आणि आईच्या पायांना तेल लावायला बसले की अजून डोळे भरून येतात.

आई 74 वर्षांची, गुहागरची. गुडघे गेलेत. फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा तिने एकच मागितलं होतं, तिथल्या समुद्रात पाय बुडवायचे. ज्यांच्याबरोबर आम्ही गेलो त्यांनी बुकिंगच्या वेळी "आईंची काळजी आमच्यावर सोडा" असं सांगितलं होतं. नीसला पोचल्यावर वीस मिनिटं फोटोला दिली आणि वर म्हणाले, "आजींना बसमध्येच बसू द्या, उगाच सगळ्यांना उशीर." आई काही बोलली नाही. काचेतून समुद्र बघत बसली. दुसऱ्या दिवशी मी गट सोडला आणि तिला घेऊन एकटीच निघाले.

तुमच्या नीसचा तो सात किलोमीटरचा किनाऱ्यालगतचा रस्ता, प्रोमनाड दे झांग्ले, सुंदरच आहे. दोनशे वर्षांपूर्वी थंडी टाळायला येणाऱ्या इंग्रजांनी पैसे घालून तो करायला घेतला, त्यांचंच नाव त्याला अजून आहे. निळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या, कोणीही बसावं. आम्ही बसलो. पण खाली वाळू नाही, सगळे गोटे! करड्या रंगाचे, मुठीएवढे. आईने एक पाऊल टाकलं आणि कळवळून मागे घेतलं. "राहू दे गं, इथूनच नमस्कार करते," म्हणाली.

तुम्ही पोहून येत होतात. आमच्याकडे बघितलंत, आईच्या पायांकडे बघितलंत, आणि स्वतःच्या पायांतल्या रबरी चपला काढल्यात. मला वाटलं, हातात द्याल. तुम्ही गुडघे टेकून खाली बसलात, आईची सुजलेली टाच तळहातावर घेतलीत, बोटांवरचं हाड दुखू नये म्हणून पट्टा सैल केलात आणि एकेक चप्पल घातलीत. परक्या बाईने पायाला हात लावला म्हणून आई पाय मागे ओढत होती. तुम्ही सोडला नाहीत. मग स्वतः अनवाणी त्या गोट्यांवरून तिचा एक हात धरून चालत गेलात, दुसरा मी धरला. आईने निऱ्या वर खोचल्या. घोटाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळीतलं पाणी कपाळाला लावलं आणि म्हणाली, "आपल्यापेक्षा गार आहे."

आठ दिवस चाळीस माणसं आमच्याबरोबर जेवली-खाल्ली. त्यातल्या कोणाला तिचे पाय दिसले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही दिसत होते ते फक्त औषधाच्या वेळी. मदत करणारी माणसं फार मोठं काही करतात असं नाही हो, त्यांना समोरचा माणूस दिसतो.

नंतर तुम्ही आम्हाला टेकडीच्या पायथ्याशी लिफ्टच्या दारापर्यंत आणून सोडलंत, पैसे पडत नाहीत हे बोटांचा शून्य करून सांगितलंत. आमच्या लोकांनी तर "वर चढण आहे, आजींना जमणार नाही" एवढंच सांगितलं होतं. नावाला ती किल्ल्याची टेकडी, पण वर किल्ला नाही, तो 1706 मध्ये फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, पाडायला लावला. पण एका बाजूला तांबड्या कौलांची जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला बंदर, आणि समोर तो निळा अर्धचंद्र. कौलं बघून आईला घर आठवलं. दुपारी बाराला तिथला रोजचा तोफेचा बार झाला, तशी ती दचकली आणि मग खूप हसली. कितीतरी महिन्यांनी तिला असं हसताना पाहिलं.

एक गोष्ट राहिली. तुमच्या चपला आम्ही पुसल्या नाहीत, तशाच ओल्या परत दिल्या. आईला ते अजून लागून राहिलंय. काल रात्रीही म्हणाली, "माझा पदर होता की गं, पुसून द्यायला हव्या होत्या."

तुमची,
तिची मुलगी