मदत कोणत्या अटीवर?

संपादक महोदय,

दुष्काळ पडला की आमच्याकडचे पुढारी टँकर आणि अनुदानाचे आकडे सांगतात. मदत कोणत्या अटीवर दिली, हे सभेत कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं. आयर्लंडचं राजकारण पेटण्यामागे अशीच एक अटही होती.

1845 मध्ये तिथं बटाट्यावर करपा आला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे 10 लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली, तेवढीच देशोधडीला लागली. धान्य आणि जनावरं भरलेली जहाजं मात्र इंग्लंडला जातच होती. आणि 1847 च्या कायद्यानं सांगितलं, पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्या कुळाला मदत नाही. ती हवी असेल तर जमीन सोडा. कित्येकांनी सोडली, उरलेल्यांची घरं खंड थकला म्हणून जमीनदारांनी पाडली. मेयो परगण्यातल्या मायकेल डेव्हिटच्या घरच्यांना 1850 मध्ये असंच बाहेर काढलं. तेव्हा तो चार वर्षांचा. त्याच डेव्हिटनं 1879 मध्ये लँड लीग ही कुळांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी केली. अमेरिकेत गेलेल्या आयरिश माणसांनी तिला पैसा पुरवला आणि अखेर जमीन कुळांकडे जाऊ लागली.

1972 साली परंडा तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर माझे आईवडील होते. शाळा सोडून मीही टोपली उचलली. वाट्याला सुकडी आणि मिलो ही परदेशी ज्वारी. पण पाच एकरवाला आणि भूमिहीन एकाच हजेरीपटावर होते. काम हवं तर सातबारा द्या, असं कुणी म्हटलं नाही. म्हणून पाऊस पडल्यावर आम्हाला पेरायला रान होतं. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा पुढं 1977 मध्ये कायदा झाला, त्यामागे या कामांवरच्या बायाबापड्यांचे मोर्चेही होते, हे विसरू नये.

आता आमच्या गावात रोजगार हमीचं काम मागितलं तर तारखेची पावतीच मिळत नाही. पावती नाही म्हणून मागणीची तारीख सिद्ध होत नाही; मग पंधरा दिवसांत काम नाही, बेकारी भत्ताही नाही. शेजारचं जोडपं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलं; रान पडीक आहे, पोरगी आजीजवळ. जमीन सोडायला लावायची ही दुसरी रीत आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आमच्या वाडीत एकच विचारणार आहोत: काम मागणाऱ्याला त्याच दिवशी पावती देणार का? उत्तर लेखी घेऊ.

— एक निवृत्त शिक्षक, ता. परंडा, जि. धाराशिव