रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे आभार मानायचे राहिले

सिस्टर,

पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी चष्मा काढून ठेवला होता, म्हणून तुमच्या नावाची पट्टी वाचता आली नाही. हे पत्र असं उघड लिहितेय ते त्यामुळेच.

"घाबरू नका" हे त्या दिवशी मला प्रत्येकाने सांगितलं होतं. तुम्ही मात्र बीपीचा पट्टा सोडवता सोडवता विचारलंत, "भीती नेमकी कुठे जाणवतेय?" क्षणभर सुचेना. मग म्हटलं, इथे, छातीत. "तिथेच हात ठेवा," म्हणालात, आणि मॉनिटर माझ्याकडे वळवलात. मोठे आकडे तेवढे दिसत होते. नाडी 104.

चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. श्वास सोडताना आकडा खाली येत होता, घेताना पुन्हा चढत होता. श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणारी एक नस, हृदयाचा लगाम थोडा खेचते, म्हणून उच्छ्वास लांबवायचा, हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत! माझ्याच शरीरात तो लगाम आहे, हे मी त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. थोड्या वेळाने नाडी 86 वर आली. मन सारखं ऑपरेशन टेबलाकडे पळत होतं. तुम्ही म्हणालात, "पळू दे. लक्षात आलं की पुढच्या श्वासावर परत या."

माइंडफुलनेसचे, म्हणजे पळणारं मन असं पुन्हा पुन्हा या क्षणाकडे आणण्याच्या ध्यानाचे, धडे रुग्णांना देण्याचा कार्यक्रम जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला, हे मी नंतर वाचलं. मला मात्र तो धडा तुमच्याकडूनच मिळाला.

आणखी एका गोष्टीसाठी तुमची ऋणी आहे. ध्यानाने भीती हलकी होते, पण भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका, असं तुम्ही बजावलंत. आधीच्या ऑपरेशननंतर मला खूप उलट्या झाल्या होत्या. ते सांगायला मी संकोचत होते, सकाळी सांगितलं. त्यांनी उलटी थांबवणारं औषध आधीच दिलं, आणि या वेळी तो त्रास झालाच नाही.

थिएटरमध्ये फार गार होतं. मास्क आला तेव्हा छाती पुन्हा धडधडली. हात तिथे नेता येईना, म्हणून नुसतं मोजायला लागले. दोन श्वास पूर्ण झाले. तिसरा सोडताना चारपर्यंत मोजल्याचं आठवतंय.

जागी झाले तेव्हा तुमची पाळी संपली होती.

तुमची,
त्या रात्रीची पेशंट