तक्रार पेटी ऑफिसच्या दारात, मग पोरं चिठ्ठी टाकणार कशी?

मा. संपादक,

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं आणि त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रार पेटी, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती हे सगळं करायला लावलं, ते गरजेचंच होतं. पण मधल्या सुट्टीत, व्हॅनमध्ये, टॉयलेटपाशी पोरंच पोरांना जो त्रास देतात तो कॅमेऱ्यात दिसत नाही, कारण मारामारी होतच नाही. जाड्या, काळी, चष्मिश अशा हाका मारायच्या, डबा खाताना शेजारी बसू द्यायचं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथल्याच गोष्टींवर त्या पोराच्या समोर हसायचं, रोज.

मी घरी पाचवी ते आठवीच्या ट्यूशन घेते म्हणून हे कानावर येतं. अशा पोराचं पोट सोमवारी सकाळी दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही, मग मार्क घसरतात, चिडचिड वाढते आणि घरचे म्हणतात मोबाईलमुळे झालं. सांगायला गेलं तर "लक्ष देऊ नकोस", टीचर म्हणतात "मस्करी केली असेल, आपसात मिटवा". अहो एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला एक, ते आपसात कसं मिटवणार? नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेअस यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं, त्यांनी हेच सांगितलं की मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि ज्याला स्वतःला वाचवणं जमत नाही अशाला दिलेला त्रास हे दोघांचं भांडण नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी बघत बसणाऱ्या पोरांची वाटते. वर्गातल्या बहुतेकांना हे पटत नसतं पण बोललं तर चोमडा म्हणतील आणि उद्या आपला नंबर लागेल म्हणून गप्प बसतात नाहीतर सोबत हसतात, आणि त्या हसण्यानेच दादागिरी करणाऱ्याला जोर येतो. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा कार्यक्रम केलाय, त्यात या बघणाऱ्यांवरच काम करतात, वर्गात चर्चा घेतात आणि त्रास होणाऱ्या पोराच्या बाजूला कसं उभं राहायचं ते शिकवतात. आपल्याकडे मूल्यशिक्षणाच्या तासाला हे सहज करता येईल, त्याला वेगळा पैसा लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवाच. आपल्या पालक सभेत मात्र युनिट टेस्ट आणि फी सोडून दुसरा विषय निघत नाही. पालकांनो, पुढच्या मीटिंगला विचारा की समुपदेशक कोण, कुठल्या दिवशी येतात, पोराला त्यांच्याकडे एकट्याने जाता येतं का. तक्रार पेटी कोण उघडतं आणि ती ऑफिसच्या दारातच का लावलीय तेही विचारा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिथे चिठ्ठी टाकायची हिंमत कुठलं पोर करेल.

आणि शाळांना एक विनंती, डायरीच्या पहिल्या पानावर मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक त्रासात मदत करणाऱ्या सरकारी टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर मोठ्या अक्षरात छापा, दोन्ही फुकट आहेत आणि रात्रीसुद्धा चालू असतात.

– एक ट्यूशन टीचर, नाशिक