नाणं काढलंय, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, आधी चिडू नका. तुमचा गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअर ठणठणीत आहे, रविवारी मिरजेला घेऊन येतेय. फक्त हेडशेलवरचं, म्हणजे सुईच्या डोक्यावरचं, ते २५ पैशांचं नाणं काढलंय आणि सुई बसते ते कार्ट्रिज बदललंय. विचारलं असतं तर नकोच म्हणाला असतात.

त्या काळी सुई उडू नये म्हणून सगळेच नाणं ठेवायचे, तुमचं काही चुकलं नव्हतं. पण नवं मॅग्नेटिक कार्ट्रिज अडीच ग्रॅमवर चालतं आणि नाणंच अडीच ग्रॅमचं. दुप्पट भाराने भीमसेनजींच्या एलपी खरवडल्या जातील. तशीही एक एलपी जिथे अडकते, तिथे मी लहानपणी गातानाही अडकायचे. आई, तुला वाटायचं मला ताल कळत नाही!

अँप्लिफायर तुमचाच. नव्या कार्ट्रिजसाठी मध्ये एक छोटी डबी लागते, ती मी जोडून देईन. आजोबांच्या ७८च्या तबकड्यांची खाच रुंद असते, त्यांच्यासाठी जाड सुई वेगळी घेतलीय. अब्दुल करीम खाँसाहेब गप्प बसणार नाहीत. चारचा चहा आणि एक बाजू, काही बदलणार नाही.

ती 'धप धप' मोटारची नव्हती. मधल्या रबरी चाकाला एका जागी खळगा पडला होता. वीज गेली की सगळं तसंच सोडून तुम्ही ओट्यावर जाऊन बसता, चाक तासभर दाबलेलं राहतं. आता नवं रबर चढवलंय. पट्ट्यांची चकती ठेवून जुन्या ट्यूबलाइटखाली वेगही पाहिला. तेहतीसच्या वेगाला पट्ट्या जागच्या हलत नाहीत, म्हणजे वेग बरोबर.

तर ऐका. वीज गेली की आधी खटका बंद करायचा, मग ओटा. सुई बोटाने उचलायची नाही, बाजूची दांडी आहे, ती हळूच उतरवते. हात थरथरतो म्हणून म्हणत नाही हो, मीही दांडीच वापरते. जाड सुई मी आल्यावरच बदलायची. आई, शिवणयंत्राचं तेल घेऊन धावू नकोस, रबराला तेलाचा थेंबही चालत नाही.

आणि उकिडवं बसून रेकॉर्ड लावणं आता बंद. सुताराला कमरेइतकं टेबल सांगितलंय, पैसेही दिलेत. शुक्रवारी येईल, त्याला परत पाठवू नका.

तुमची,
मनू