आधी हद्द, मग हॉल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वहीच्या पानावरचा घराचा आराखडा तू आणि वहिनींनी मिळून काढलाय हे लगेच कळतं. स्वयंपाकघर हॉलपेक्षा मोठं आहे! छान आहे, पण तूर्त बाजूला ठेव.

आधी प्लॉटची मोजणी करून घे. हद्दीच्या खुणा जागेवर पक्क्या होईपर्यंत आर्किटेक्टला पेन्सिल उचलू देऊ नकोस. कागदावर रुंदी १२ मीटर आणि जागेवर साडेअकरा निघाली, तर तो अर्धा मीटर तुझ्याच बेडरूममधून वजा होतो.

मग सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून घराभोवती मोकळी सोडायची जागा. समज, प्लॉट १२ बाय १८ आहे आणि नियमाप्रमाणे पुढे ३, मागे २, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचंय. २१६ चौरस मीटरपैकी घरासाठी उरले ९ बाय १३, म्हणजे ११७. त्यावर पुन्हा चटई क्षेत्राची, म्हणजे सगळे मजले मिळून किती बांधता येईल याची मर्यादा. भिंतीही जागा खातात, बरं का. बाहेरून १० बाय ८ मीटरचं घर घे. भोवतीची भिंत २३ सेंटीमीटरची धरली, तर ८० चौरस मीटरमधले आत जेमतेम ७२ राहतात. आतल्या भिंती वेगळ्याच.

नकाशे आले की सही करण्याआधी छेद बघ, म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल तो नकाशा. सगळे नुसता मजल्याचा प्लॅन बघून खूश होतात. जिना मोज. एका मजल्याची चढण ३ मीटर आणि पायरी साधारण १७ सेंटीमीटर उंच, म्हणजे १८ चढ. सरळ जिन्याला मधे पाय ठेवायच्या १७ पाट्या येतात. २५ सेंटीमीटरच्या धरल्या तरी सव्वाचार मीटर लांबी लागते. वहीत तू तो दाराएवढ्या जागेत बसवलायस! दुमडता जिना केलास तर लांबी वाचेल, पण रुंदी दुप्पट जाईल.

बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये काय काय लागतं त्याची यादी पालिकेतच घे: मालकीचे कागद, नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सह्या वगैरे. त्रुटी काढल्या तर लेखी माग. तोंडी सांगितलेली त्रुटी पुढच्या टेबलावर वेगळीच होते.

मंजुरीपत्रातल्या अटी आणि मुदत नीट वाच. शिक्क्याच्या नकाशाची प्रत साइटवर ठेव; मिस्त्रीच्या हातात जुनी प्रत असेल तर काढून घे. जोता, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा चौथरा, तपासून घ्यायची अट असेल तर त्याआधी भिंती चढवू नकोस. खोली सरकवायची लहर आली तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घे, मग वीट. ‘नंतर नियमित करून घेऊ’ म्हणणारे सल्लागार भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर वापरायच्या परवानगीच्या वेळी फोन उचलत नाहीत.

मोजणीचा नकाशा हाती आला की मला पाठव. आणि वहिनींना सांग, हॉल थोडा लहान झाला तरी चालेल, मी स्वयंपाकघरातच बसेन.

तुझाच,
मित्र