केबिनमधला तेलकट वास : रक्ताचा नमुना विमानतळावरच घ्या

संपादक महोदय,

विमान खाली उतरू लागते, इंजिनांचा जोर कमी होतो आणि एकाएकी केबिनमध्ये घामट पायमोज्यांसारखा कुबट वास भरतो. कुणाला तो शौचालयाचा वाटतो, कुणाला गॅलीतल्या (विमानातल्या स्वयंपाकघरातल्या) ओव्हनचा. थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो, आणि टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानातील बिघाडांच्या नोंदवहीत, काहीच लिहिले जात नाही. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे मात्र नाही. नाकाला त्याची सवय झालेली असते.

बहुतेक जेट विमानांत श्वासाची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढतात. जमिनीवर ती बहुधा शेपटातल्या एपीयूमधून, म्हणजे छोट्या सहायक इंजिनातून, येते. (बोइंग 787 मध्ये त्यासाठी विजेवरचे वेगळे कॉम्प्रेसर आहेत.) कॉम्प्रेसरच्या बेअरिंगचे तेल सील अडवून धरतात, तेही हवेच्याच दाबाच्या आधाराने. जोर कमी-जास्त होताना हा दाब डळमळतो आणि तेलाचा अंश हवेत शिरतो. सील झिजले असेल तर तो वाढतो, आणि तेल जास्त भरले असेल तरीही. जास्त तेल भरले जाण्याचे कारण अगदी साधे आहे. इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेतच पातळी पाहावी लागते. उशीर झाला तर टाकीतले तेल गिअरबॉक्समध्ये उतरते, पातळी कमी दिसते आणि गरज नसताना आणखी तेल ओतले जाते. हेपा फिल्टरचा इथे उपयोग नाही: तो केबिनमध्ये फिरवलेल्या हवेतले कण पकडतो, वाफ नाही, आणि इंजिनाकडून येणारी ताजी हवा तर त्यातून जातच नाही.

या तेलात झीज रोखण्यासाठी काही टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते. ते ऑर्गनोफॉस्फेट गटातले. 1988 मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात याच रसायनाची भेसळ झालेले खाद्यतेल पोटात गेल्याने शेकडो माणसांचे हातपाय लुळे पडले होते. केबिनमधली मात्रा त्या मानाने अत्यल्प असते आणि आजच्या इंजिन तेलात या रसायनाचा सर्वांत घातक, म्हणजे ऑर्थो प्रकार फारच थोडा असतो. त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे चूक ठरेल. वर्षानुवर्षे उडणाऱ्या क्रूच्या मज्जासंस्थेवर याचा काय परिणाम होतो, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मोजमापाशिवाय ते मिटणार कसे? आणि मोजमापाची वेळच नेमकी हुकते.

तापलेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. साध्या हवेत रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे 4 ते 5 तासांत निम्म्यावर येते. ऑक्सिजन लावला तर तास-दीड तासात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हातांना कंप अशा तक्रारी असलेली हवाईसुंदरी घरी जाऊन झोपली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला गेली, तर अहवाल ‘सर्व ठीक’ असाच येणार. म्हणून रक्त विमानतळावरच घ्यावे. नळीवर वेळ आणि ऑक्सिजन लावला होता की नाही, हे दोन्ही लिहावे. कोलिनेस्टरेज या रक्तातल्या विकरावर (एन्झाइमवर) ऑर्गनोफॉस्फेटचा परिणाम होतो. त्याची पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते, तेव्हा प्रत्येकाची मूळ पातळी नियमित वैद्यकीय तपासणीतच नोंदवून ठेवावी आणि घटनेनंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजावी. ही तपासणी आपल्याकडे नवी नाही. यवतमाळच्या 2017 च्या फवारणीतील विषबाधेनंतर विदर्भातल्या डॉक्टरांना तिचे मोल सांगावे लागणार नाही.

कॉकपिटमध्ये जरा जरी शंका आली तरी मास्क लावून 100 टक्के ऑक्सिजनवर ठेवावा. ‘नॉर्मल’वर तीच दूषित हवा मिसळत राहते. प्रवाशांच्या डोक्यावरून पडणारे मास्क हवेचा दाब गेल्यावर वापरायचे असतात. त्यांतूनही केबिनचीच हवा येते, म्हणून धुरापासून ते वाचवत नाहीत.

देखभालीत सर्वांत जास्त खटकतो तो ‘दोष आढळला नाही’ हा शेरा. आधी एपीयू, मग एकेक इंजिन असे हवेचे स्रोत वेगवेगळे चालवून पाहिल्याशिवाय आणि डक्ट (हवेचे नळ) उघडून तेलाचा ओलावा तपासल्याशिवाय तो लिहूच नये. गळती बंद केल्यावरही डक्टमध्ये उरलेले तेल पॅक (केबिनची वातानुकूलन यंत्रणा) तापवून जाळावे लागते, तेही केबिनमध्ये प्रवासी नसताना. ते राहिले तर पुढच्या उड्डाणात वास पुन्हा येतो, आणि नवा दोष समजून भलताच भाग बदलला जातो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2015 मध्ये अशा घटनांच्या प्रशिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी 344 क्रमांकाचे परिपत्रक काढले. त्याच धर्तीवर वासाचा प्रकार, उड्डाणाचा टप्पा, एपीयू चालू होता की बंद, पॅकची स्थिती आणि क्रूची लक्षणे एकाच पानावर येतील असा मराठी-हिंदी-इंग्रजी तक्ता डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) प्रत्येक विमानात ठेवायला लावावा. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने विमानातील क्रूला कर्मचारी मानले होते आणि फॉस्फरसच्या विषारी संयुगांमुळे होणारे आजार व्यावसायिक आजारांच्या यादीत घातले होते. तशा दाव्यात वेळेवर घेतलेला रक्ताचा अहवाल आणि टेकलॉगची प्रत हाच क्रूच्या हातातला पुरावा असेल. त्यामुळे या दोन्हींच्या प्रती त्याच दिवशी क्रूला मिळाव्यात.

— विमान देखभाल क्षेत्रातील काही अभियंते, मुंबई