मेंदूशास्त्रज्ञाची ओळख फक्त आकड्यांनी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेंदूशास्त्रज्ञाला पुरस्कार मिळाला की बातमीत शोधनिबंधांची संख्या, सायटेशन्स (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स हमखास असतो. त्याने नेमके काय शोधले, कोणत्या पद्धतीने शोधले आणि त्यावर इतरांनी पुढे काय उभारले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते.

एच-इंडेक्स २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी मांडला. एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान ३० सायटेशन्स मिळालेले ३० निबंध. समजा, एकाचे पाचच निबंध आहेत आणि प्रत्येकाला हजार सायटेशन्स आहेत. त्याचा एच-इंडेक्स पाचच. दुसऱ्याचे तीस निबंध, प्रत्येकाला जेमतेम तीस, त्याचा तीस. जैवविज्ञानात निबंधाच्या लेखकांमध्ये पहिले नाव सहसा प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते, पण यादीतल्या विसाव्या नावालाही या मोजणीत तेवढाच वाटा मिळतो. शिवाय गूगल स्कॉलर हा डेटाबेस प्रबंध आणि प्रीप्रिंटमधले (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेल्या निबंधांमधले) उल्लेखही धरतो, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसपेक्षा सहसा मोठा असतो. छापायचाच असेल तर डेटाबेसचे नाव आणि तारीख तरी द्यावी.

काम सांगायचे कसे, यासाठी स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांचे उदाहरण घ्या. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांनी चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. काहाल यांनी तशी स्लाइड पाहिली ती १८८७ मध्ये, माद्रिदला. मधल्या चौदा वर्षांत ती फारशी रुळली नव्हती, कारण ती भारी लहरी होती. मेंदूचा लहान तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये काही दिवस मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. सिल्व्हर क्रोमेट जमून शेकडा मोजक्याच पेशी काळ्या होतात, आणि खरी खुबी तीच आहे. सगळ्या रंगल्या असत्या तर काळ्या डागाशिवाय काही दिसले नसते. पण कित्येकदा एकही पेशी रंगत नसे, नाहीतर तुकडाभर नुसता साका बसे.

काहाल यांनी तोच तुकडा पुन्हा डायक्रोमेटमध्ये आणि पुन्हा सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातला; रंग भरवशाने चढू लागला. काप जाड ठेवले, कारण पातळ कापात लांब तंतू मध्येच तुटतो. प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण आणि पिल्ले घेतली, कारण मायलिनचे (वाढत्या वयात तंतूंवर चढणाऱ्या स्निग्ध थराचे) आवरण चढलेला तंतू या पद्धतीने नीट रंगत नाही. हा तिसरा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या लहान भागात) त्यांना दिसले, की एका पेशीचे तंतू पर्किंजे या मोठ्या चेतापेशीभोवती घरट्यासारखे विणलेले असतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. म्हणजे गॉल्जी आणि इतर अनेक जण मानत तसे मेंदू हे सलग जाळे नाही. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे.

हे त्यांनी १८८८ मध्ये पदरमोड करून काढलेल्या नियतकालिकात छापले. प्रती साठ! पुढच्या वर्षी बर्लिनच्या सभेत त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडून स्लाइड दाखवल्या; क्योलिकर यांच्यासारख्या ज्येष्ठ जर्मनभाषक शरीरशास्त्रज्ञाने त्या पाहिल्या आणि ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०६ चे नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले, तेव्हाही गॉल्जी जाळ्याचाच सिद्धान्त मांडत होते. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

प्रभाव शिष्यांतूनही वाहतो. काहाल यांचे शिष्य फर्नांदो दे कास्त्रो यांनी मानेतील कॅरोटिड बॉडी हा धमनीजवळचा छोटासा अवयव रक्तातील रासायनिक बदल ओळखते, असे १९२० च्या दशकात ऊतींच्या अभ्यासातून सुचवले. त्याच विषयावरचे १९३८ चे नोबेल मात्र कोर्नेइल हेमान्स यांना मिळाले.

एखादा शोध पाठ्यपुस्तकात मुरला की त्याचा संदर्भ देणेही थांबते. चेतापेशी स्वतंत्र असतात हे लिहिताना आज काहाल यांच्या मूळ निबंधाचा उल्लेख कोण करतो? सायटेशन्सच्या मोजणीतून हा प्रभाव असा निसटतो.

आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या मुलाखतीत तीन प्रश्न जरूर विचारावेत: तुमची कोणती पद्धत इतर प्रयोगशाळा वापरतात, तुमचा कोणता निष्कर्ष दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे पडताळला, आणि तुमच्याकडे शिकलेले लोक आता कशावर काम करतात.

आपला,
एक वाचक